पहिली देणगी आली, पुढे काय? शाळा-कॉलेजचे नवे देणगीदार टिकवायचे कसे

शाळा-कॉलेजसाठी पैसे गोळा करणाऱ्यांचं एक ठरलेलं चक्र असतं बघा. पैसे येईपर्यंत रोज फोन, रोज मेसेज, ‘सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून संस्था चाललीये’ वगैरे वगैरे, आणि रक्कम खात्यात पडली की एकदम शुकशुकाट. मग बरोब्बर वर्षाने, त्याच महिन्यात, ‘नमस्कार सर, ओळखलंत ना?’ आता त्यांनी ओळखावं तरी का? गरज सरो वैद्य मरो हे लोकांना लगेच कळतं, तोंडावर कोणी बोलत नाही, पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत एवढंच.

आकडे पण हेच सांगतात. अमेरिकेत देणग्यांचा माग ठेवणारा फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्ट नावाचा उपक्रम आहे, त्यांच्या अलीकडच्या वर्षांच्या आकड्यांत पहिल्यांदा देणाऱ्या दर ५ जणांत साधारण १ जण पुढच्या वर्षी परत देतो, आणि ज्याने एकदा परत दिलंय तो टिकायचं प्रमाण मात्र ६०% च्या आसपास जातं. हे आकडे सगळ्या प्रकारच्या सामाजिक संस्थांचे आहेत, नुसत्या शिक्षणसंस्थांचे नाहीत, पण चित्र समजायला पुरेसे आहेत. म्हणजे खरी गळती होते ती पहिल्या आणि दुसऱ्या देणगीच्या मधे. दुसरी आली की माणूस बऱ्यापैकी तुमचा झाला.

म्हणून इथे फक्त त्या मधल्या काळाबद्दल लिहितोय. मोठे देणगीदार गाठायचे कसे, स्नेहमेळावे भरवायचे कसे, यावर ढिगाने वाचायला मिळेल, हा मधला काळ मात्र कोणाच्याच अजेंड्यावर नसतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की परत मागायच्या आधी, आधीच्या पैशाचं काय झालं ते त्यांनी न विचारता सांगा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

आधी बघा, हा माणूस आला कुठून

सगळ्या नव्या देणगीदारांना एकाच पिशवीत टाकून एकच मेल धाडायचा ही सगळ्यात कॉमन गोष्ट, आणि तिथेच अर्धे लोक जातात. कारण एकाच दिवशी सारखीच रक्कम देणारी दोन माणसं अगदी वेगवेगळ्या कारणांनी आलेली असू शकतात.

माजी विद्यार्थी घ्या. तो संस्थेला देत नाही, तो स्वतःच्या त्या वर्षांना देतो, कुठल्यातरी एका शिक्षकांना देतो, हॉस्टेलच्या एका खोलीला देतो. त्याला ‘आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा’ वगैरे लिहिलंत तर काही हलत नाही आत. त्याला त्याचे भूगोलाचे सर कसे आहेत, ती जुनी लायब्ररी अजून तिथेच आहे का, हे ऐकायचं असतं. आणि हो, त्याच्या बॅचमधल्या कोणाच्या आग्रहाखातर दिलं असेल तर अजून वेगळी केस. बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी मोहीम काढतो, सगळे पटापट पैसे टाकतात, यादी येते, टाळ्यांचे इमोजी येतात, आणि संस्थेला वाटतं आपल्याला एवढे नवे देणगीदार मिळाले. खरं म्हणजे ते त्या मित्राचे देणगीदार आहेत, तुमचे अजून व्हायचेत. अशा वेळी पहिला मेसेज त्या मित्राकडूनच जाऊ द्या, खाली तुमच्या दोन ओळी असू द्या, आणि पुढच्या वेळी हळूहळू तुमचा आवाज पुढे आणा.

कुणाच्या स्मरणार्थ देणारे लोक तर सगळ्यात जपायचे. घरातलं माणूस गेलंय, त्यांच्या नावाने काहीतरी राहावं म्हणून पैसे दिलेत, आणि त्यांना तीन महिन्यांनी ‘तुमची मदत दुप्पट करा’ असा छापील मेल गेला तर काय वाटेल? इथे दोन पत्रं लिहायची असतात, एक पैसे देणाऱ्याला आणि एक कुटुंबाला (बऱ्याचदा ही वेगळी माणसं असतात), कुटुंबाच्या पत्रात रक्कम लिहायची नाही, कोणी दिलं ते लिहायचं, तेही देणाऱ्याची हरकत नसेल तर. आणि वर्षाने ती तारीख आली की पैसे न मागता आठवणीच्या दोन ओळी. एवढं केलंत तर ते कुटुंब संस्था विसरत नाही, पण ‘एवढं’ करायला ती तारीख कुठेतरी लिहून ठेवलेली असावी लागते, त्यावर पुढे येतो.

पालक हा नाजूक विषय. मूल शाळेत आहे तोवर पालक देतात, मूल बाहेर पडलं की संबंध संपतो, त्यामुळे शेवटच्या वर्षातल्या पालकांशी नातं माजी विद्यार्थ्यांच्या नात्याला जोडून घ्यायला हवं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे देणगी आणि प्रवेश, देणगी आणि मार्क, यांचा एकमेकांशी वासही लागता कामा नये. २०१९ मध्ये अमेरिकेत कॉलेज प्रवेशाचा मोठा घोटाळा उघडकीला आला, त्यात पालकांचे पैसे चक्क एका बोगस धर्मादाय संस्थेला ‘देणगी’ म्हणून दाखवले होते. असं काही झालं की प्रामाणिकपणे देणारे पण हात आखडता घेतात. साधा नियम ठेवा, जो प्रवेश बघतो तो देणगी बघणार नाही, आणि प्रवेश चालू असताना त्या पालकांकडून देणगी घ्यायची नाही, स्वतःहून दिली तरी. हे लेखी ठेवा म्हणजे नाही म्हणायला सोपं जातं.

कंपन्यांचं एकच सांगतो. तिथला आपल्या ओळखीचा अधिकारी बदलला की नातं संपतं, म्हणून पहिल्या वर्षातच दुसऱ्या एका माणसाशी ओळख करून घ्या, आणि त्यांना अहवाल कुठल्या नमुन्यात, कुठल्या तारखेला लागतो ते सुरुवातीलाच विचारा. कंपनीचं प्रेम वेळेवर आलेल्या कागदावर असतं, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

मग हे कळणार कसं, कोण कशासाठी आलंय? विचारून. देणगीच्या फॉर्मवर एक रिकामी ओळ ठेवा, ‘आम्हाला मदत करावीशी का वाटली? (लिहिलंच पाहिजे असं नाही)’. सगळे लिहीत नाहीत, पण जे लिहितात ते सोनं असतं. कोणी लिहितं ‘आईने इथे नोकरी केली’, कोणी लिहितं ‘फी माफ झाली होती म्हणून शिकलो’. एवढं एक वाक्य हातात असलं की पुढचं पत्र आपोआप नीट लिहिलं जातं.

पावती वेगळी, आभार वेगळे

पावती म्हणजे हिशोबाचा कागद. नाव बरोबर, रक्कम, तारीख, कशासाठी दिले, करसवलतीला जे काही लागतं ते. ती ऑनलाइन देणगीला आपोआप जावी, हाताने दिलेल्याला एक-दोन दिवसांत. नाव चुकवू नका बाबांनो, अक्षरशः सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग चूक आहे ही. लग्नानंतर आडनाव न बदललेल्या बाईंना नवऱ्याच्या आडनावाने पत्र, डॉक्टर असलेल्यांना नुसतं श्री, दोघांनी मिळून दिलं तर फक्त एकाचं नाव, असले प्रकार.

आभाराचं पत्र मात्र माणसाने लिहायचं, माणसाला. आता हे बघा, नेहमीचं पत्र कसं असतं:

‘महोदय, आपण आमच्या संस्थेस दिलेल्या उदार देणगीबद्दल संस्थेचे विश्वस्त मंडळ आपले ऋणी आहे. आपल्या सहकार्यामुळे संस्थेची प्रगती उत्तरोत्तर होत राहील अशी खात्री आहे. यापुढेही असेच सहकार्य मिळावे ही नम्र विनंती.’

यात चूक काही नाही, पण हे पत्र कोणालाही, कधीही, कशाहीबद्दल पाठवता येईल, आणि शेवटच्या ओळीत परत मागून पण झालं. आता हेच असं:

‘बाई, काल तुमची देणगी मिळाली. फॉर्मवर तुम्ही लिहिलंय की नववीत विज्ञानाचे प्रयोग फक्त फळ्यावर बघितले होते. आता तसं नाही, पण तीस मुलांत चारच सूक्ष्मदर्शक आहेत, त्यामुळे बघायला मिळतं ते मिनिटभर. तुमचे पैसे सूक्ष्मदर्शकांच्या खरेदीत जाणार आहेत. खरेदी परीक्षेनंतर आहे, आली की मुलांसकट कळवते. काही विचारायचं असेल तर हा माझाच नंबर.’ आणि खाली विज्ञानाच्या शिक्षिकेची सही.

दुसऱ्या पत्रात रकमेचं कौतुक नाही, ऋणी वगैरे नाही, पण तीन गोष्टी आहेत. त्यांनी लिहिलेलं वाचलंय, पैसे कुठे जाणार ते ठरलंय, आणि पुढचं कधी कळेल ते सांगितलंय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण ती तुम्ही स्वतःवर घातलेली मुदत आहे. ती पाळलीत तर विश्वास, नाही पाळलीत तर न लिहिलेलं बरं होतं.

आभाराचा फोन करावा का हा नेहमीचा वाद. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ अन्या सामेक आणि फंडरेझिंगमधले जाणकार चक लाँगफील्ड यांनी यावर खूप मोठा प्रयोग केला, सार्वजनिक टीव्ही वाहिन्या आणि एका राष्ट्रीय संस्थेच्या ५ लाखांहून जास्त देणगीदारांवर, कित्येक वर्षं. काहींना आभाराचा फोन गेला, काहींना नाही. या धंद्यातल्या लोकांना आधी विचारलं होतं तेव्हा बहुतेकांचा अंदाज होता की फोनने भरपूर फरक पडेल. निकाल आला तेव्हा पुढच्या देण्यात फरक जवळपास शून्य. मला हा निकाल वाचून वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं. कारण आपल्याकडे ‘फोन करा म्हणजे परत पैसे येतील’ हे मंत्रासारखं सांगितलं जातं, आणि मग यादी घेऊन कोणीतरी बसतं आणि एकाच सुरात शंभर जणांना थँक्यू म्हणतं. असल्या फोनकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. फोन करायचा तर काहीतरी समजून घ्यायला करा.

म्हणजे असा:

‘नमस्कार, मी कॉलेजमधून बोलतोय, पैसे मागायला फोन नाही केला, आधीच सांगतो.’

(समोरून हसू येतं, बहुतेक वेळा.)

‘तुम्ही स्कॉलरशिप फंडाला दिलेत, इतर पण पर्याय होते फॉर्मवर, म्हणून विचारावंसं वाटलं.’

आणि मग गप्प बसा. ही गप्प बसण्याची जागा फार कमी लोकांना जमते. समोरचा दोन सेकंद थांबतो आणि मग खरं काय ते सांगायला लागतो. मधेच ‘आमच्या नवीन इमारतीचं पण काम चाललंय बरं का’ असं घुसडलंत तर संपलं, ताकाला जाऊन भांडं लपवणं लोकांना लांबून कळतं. वर तुम्हीच म्हणालात की मागायला फोन नाही केला.

पैशाचं काय झालं ते सांगा, न विचारता

आता मुख्य मुद्दा. देणगीदाराच्या डोक्यात एकच प्रश्न असतो आणि तो तो विचारत नाही, कारण विचारलं तर संशय घेतल्यासारखं वाटतं. माझे पैसे लागले का नीट? याचं उत्तर तुम्ही आपणहून दिलंत की दुसरी देणगी मागणं हे मागणं राहतच नाही.

कधी सांगायचं? काम झालं की. आणि काम लांबलं तर ठरलेल्या तारखेला, लांबलं म्हणून. बहुतेक संस्था इथेच कच खातात, त्यांना वाटतं पूर्ण होऊ दे मग फोटोसकट झकास रिपोर्ट पाठवू, आणि मग टेंडर अडकतं, पुरवठादार बदलतो, मुख्याध्यापक बदलतात, दीड वर्ष जातं आणि देणगीदाराला वाटतं गेले पैसे. त्यापेक्षा चार ओळी टाका: ‘परीक्षेनंतर सूक्ष्मदर्शक येतील असं म्हणाले होते. ज्यांच्याकडून घेणार होतो त्यांचा माल दाखवलेल्या नमुन्यासारखा निघाला नाही म्हणून परत पाठवला. पैसे जसेच्या तसे त्या फंडात आहेत. नवीन कोटेशन मागवलीयेत, पुढच्या महिन्याच्या शेवटी परत कळवते.’ असा मेसेज वाचून कोणी चिडल्याचं मी तरी बघितलेलं नाही. उलट लोक सल्ले देतात, कोणाचा भाऊ त्याच धंद्यात निघतो.

अहवाल म्हटलं की लोक चकचकीत पुस्तिका काढतात. काढा, पण नव्या देणगीदाराला ती नको असते. त्याला एक फोटो (खरा, हारतुरे आणि पाहुण्यांचा नाही, वस्तू वापरतानाचा), चार-पाच वाक्यं आणि एक आकडा पुरतो, मिळाले किती, लागले किती, शिल्लक किती. शिल्लक राहिली असेल तर तिचं काय करणार ते पण.

मुलांकडून पत्रं लिहून घ्यायची पद्धत आहे, त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्कॉलरशिप मिळालेल्या मुलाने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या तर उत्तमच, पण ‘तुमच्यामुळेच माझं शिक्षण होतंय, तुमचे उपकार’ असं शिक्षकांनी सांगून लिहून घेतलेलं पत्र वाचताना चांगल्या देणगीदाराला ओशाळल्यासारखं होतं. मुलाला काय शिकतोय ते लिहू द्या, कुठलं गणित अडलंय ते लिहू द्या. गरिबीचं वर्णन नको. फोटो आणि नाव वापरायचं तर मुलाची आणि पालकांची परवानगी, आणि नाही म्हणाले तर स्कॉलरशिपवर काही परिणाम होणार नाही हे आधी सांगून घेतलेली परवानगी.

ज्यांनी कायमस्वरूपी निधी दिलाय त्यांना एक गोष्ट समजावून सांगायलाच लागते. मूळ रक्कम गुंतवून ठेवली जाते आणि दरवर्षी त्यातला छोटा भाग खर्चाला निघतो, मोठी विद्यापीठं साधारण ४ ते ५ टक्के काढतात. नवा माणूस हे ऐकून दचकतो, ‘एवढे दिले आणि वर्षाला एवढेच मुलाला मिळाले?’ हे त्याला पहिल्या वर्षीच्या अहवालात कळू देऊ नका, देणगी घेतानाच कागदावर आकडा मांडून दाखवा.

आणि दिलेल्या कामालाच पैसे लावा. हे सांगायची गरज नसावी, पण आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाला १९६१ मध्ये चार्ल्स आणि मारी रॉबर्टसन या दांपत्याने ३.५ कोटी डॉलर दिले होते, सरकारी सेवेत, विशेषतः आंतरराष्ट्रीय कामात जाणारे विद्यार्थी घडवण्यासाठी. ४१ वर्षांनी, २००२ मध्ये, त्यांच्या वारसांनी विद्यापीठावर खटला भरला की पैसे ठरलेल्या कामाला लागले नाहीत. विद्यापीठाने आरोप मान्य केले नाहीत, २००८ मध्ये समझोता झाला, पण त्यात साधारण ९ कोटी डॉलर मोजावे लागले, त्यातले साधारण ४ कोटी नुसता वारसांचा वकिलांवरचा खर्च. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचं हे झालं. आपल्याकडे कोर्टात कोणी जाणार नाही कदाचित, पण लायब्ररीसाठी दिलेल्या पैशातून कंपाउंडला रंग लागला हे गेटातून आत आलेल्या देणगीदाराला दिसतंच. गरज बदलली तर विचारा, ‘लायब्ररीचं काम दुसऱ्या फंडातून झालं, तुमचे पैसे लॅबला लावले तर चालतील का?’ बहुतेक हो म्हणतात. न विचारता लावले तर मात्र हो म्हणणारा माणूस पण कायमचा तुटतो.

लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका

शाळा-कॉलेजमधली नाती बहुतेक एका माणसाच्या डोक्यात असतात. जुन्या बाई ज्यांना सगळे ओळखतात, ऑफिसमधले कोणीतरी काका ज्यांच्याकडे सगळे नंबर आहेत. ते रिटायर झाले की नातं पण रिटायर. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलची एक शीट पुरते, पण तिच्यात रक्कम आणि तारखेच्या पुढे जाऊन लिहिलेलं असायला हवं. उदाहरणार्थ एका ओळीत: ‘कॉलेजला होते, केमिस्ट्री. फोनपेक्षा मेल बरा वाटतो. नाव फलकावर नको म्हणाले, दोनदा. मुलगी यंदा बारावीला, परीक्षा होईपर्यंत त्रास द्यायचा नाही. लॅबचा फोटो पाठवायचं कबूल केलंय, कधी पाठवला ते इथे लिहा.’

बघा, एवढी ओळ वाचून उद्या नवीन आलेला कोणीही माणूस या देणगीदाराशी नीट बोलू शकतो. कबूल केलेलं काय ते वेगळ्या रकान्यात ठेवलंत तर अजून उत्तम, कारण तोच रकाना दर आठवड्याला उघडून बघायचाय.

फक्त असं काही लिहू नका जे त्या माणसाने वाचलं तर तुम्हाला तोंड लपवावं लागेल. ‘चिक्कू आहे’, ‘बायकोचं ऐकतो’, ‘घर विकलंय, पैसा आहे’ असलं काहीही. हा नुसता शिष्टाचाराचा भाग नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने कुठलाही माणूस संस्थेकडे स्वतःबद्दलची सगळी नोंद मागू शकतो, आणि इतर देशांतही असे कायदे आलेत. तुमचे माजी विद्यार्थी कुठे कुठे पसरलेत कोणास ठाऊक.

देणगीदारांचे नंबर बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं, दुसऱ्या संस्थेला ‘मदत म्हणून’ यादी देणं, हे तर कानाला खडा लावून टाळा. १९९३ मध्ये फंडरेझिंगमधल्या काही अमेरिकन संघटनांनी मिळून देणगीदारांच्या हक्कांची १० कलमी सनद केली, शिक्षणसंस्थांची ‘केस’ (CASE) ही संघटना पण त्यात होती. त्यात पैसे दिलेल्या कामालाच वापरले जातील, माहिती गोपनीय राहील, नाव दुसऱ्यांना दिल्या जाणाऱ्या यादीतून काढून घेता येईल, प्रश्न विचारला तर खरं आणि लवकर उत्तर मिळेल, पैसे मागायला आलेला माणूस संस्थेचा आहे, स्वयंसेवक आहे की पगारी एजंट आहे ते कळेल, असे मुद्दे आहेत. ती भिंतीवर लावायला नको, पण विश्वस्तांच्या एका मीटिंगमधे वाचून ‘आपण यातलं किती करतो’ हे प्रामाणिकपणे मोजायला हरकत नाही.

पैशाशिवाय पण बोलवा, पण खरंच

लोकांना गुंतवा, म्हणजे वेळ द्यायला सांगा, हा सल्ला बरोबर आहे पण तो करताना गडबड होते. माजी विद्यार्थ्याला करिअरवर बोलायला बोलावलं आणि सभागृहात मुलं जबरदस्तीने बसवलेली, निम्मी मोबाइलवर, तर तो परत येणार नाही. त्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांच्या सराव मुलाखती घ्यायला सांगा, तासाभराचं काम, ऑनलाइन पण होतं, आणि मुलं स्वतः मागून आलेली असतात. त्यातलं एखादं मूल नंतर त्याला मेल करतं ‘सर नोकरी लागली’. तो मेल तुमच्या दहा अहवालांना भारी.

पण बोलवायचं आणि चहाच्या वेळी हळूच फॉर्म पुढे करायचा, असं करू नका. बोलावलंय त्याच कामासाठी बोलवा.

परत मागायचं कधी, किती

आभाराच्या पत्रात नाही, पहिल्या फोनमधे नाही. निदान एकदा तरी पैशाचं काय झालं ते सांगून झाल्यावर, आणि ते सांगितलं त्याच मेलमधे नाही तर थोड्या दिवसांनी. वर्ष व्हायचीच वाट बघायला पाहिजे असं काही नाही, काम सहा महिन्यांत झालं असेल तर सातव्या महिन्यात मागितलेलं कोणाला खटकत नाही. खटकतं ते काहीच न सांगता मागितलेलं.

किती मागायचं? दिलेत तेवढेच, किंवा थोडे जास्त, आणि कशासाठी ते नेमकं. पहिल्या देणगीवरून ‘यांच्याकडे भरपूर दिसतंय’ असा अंदाज बांधून एकदम दहापट मागणारे लोक असतात, त्यांना वाटतं मोठा विचार केला पाहिजे. समोरच्याला मात्र वाटतं आपली पहिली देणगी यांच्या हिशोबी टोकनच होती. छोटी रक्कम दरवर्षी किंवा दरमहा द्यायचा पर्याय ठेवा, बऱ्याच लोकांना तोच सोपा जातो. ही कल्पना काही नवीन नाही, येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० मध्येच वार्षिक निधी सुरू केला होता, म्हणजे एकदाच मोठं मागण्यापेक्षा दरवर्षी जमेल तेवढं. दरमहा घेत असाल तर बंद करायची सोय पण एका क्लिकवर ठेवा, बंद करायला फोन करावा लागला की माणूस बंद पण करतो आणि रागावतो पण.

नाही म्हणाले तर? कारण सांगितलं तर लिहून ठेवा, नाही सांगितलं तर खोदून विचारू नका. यंदा जमणार नाही आणि परत मागू नका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शीटमधे पण वेगळ्याच लिहा.

एखाद्या नव्या देणगीदाराने अचानक मोठी रक्कम देऊ केली, इमारतीला नाव, अभ्यासक्रमाला नाव, तर हरखून लगेच हो म्हणू नका. काय करता येईल, काय नाही, शिक्षक कोण निवडणार, नाव किती वर्षं राहणार, हे आधी कागदावर. येललाच १९९१ मध्ये ली बास या माजी विद्यार्थ्याने पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी २ कोटी डॉलर दिले, अंमलबजावणी रखडली, शिक्षकांच्या नेमणुकीत कोणाचं चालणार यावरून बिनसलं आणि १९९५ मध्ये विद्यापीठाला पैसे परत करावे लागले. शिकवायचं काय आणि शिकवणार कोण हे देणगीदार ठरवणार नाही, हे पहिल्याच भेटीत गोड शब्दांत सांगितलेलं बरं असतं.

स्टाफच नाही हो आमच्याकडे

माहितीये. बहुतेक शाळांत हे काम एखाद्या शिक्षिकेच्या गळ्यात पडलेलं असतं, तासिका सांभाळून. मग कमी करा पण ठरवून करा. आठवड्यातला अर्धा तास बांधून घ्या, त्यात शीट उघडा, ‘कबूल केलेलं’ हा रकाना बघा, जे राहिलंय ते त्या अर्ध्या तासात करा आणि बंद करा. नवे देणगीदार खूप झाले तर सगळ्यांना हाताने पत्र नाही जमणार, मग ज्यांनी फॉर्मवर काही लिहिलंय त्यांना आधी, स्मरणार्थ दिलंय त्यांना आधी, बाकीच्यांना एक चांगला समान मेल पण नाव नीट घालून. मुख्याध्यापकांना महिन्यातून दोन फोन करायला लावा, नंबर लावून त्यांच्या हातात द्या, नाहीतर ते करत नाहीत.

विश्वस्तांना किती पैसे आले याच्या जोडीला अजून एक आकडा दर वर्षी दाखवत जा, गेल्या वर्षीच्या नव्यांपैकी यंदा परत कितीजणांनी दिलं. शीटवरून पाच मिनिटांत निघतो. पहिल्यांदा काढाल तेव्हा तो बहुतेक लाजिरवाणा असेल, तरी दाखवा, कारण हा आकडा समोर आला की ‘नवीन लोक शोधा’ असा धोशा जरा कमी होतो आणि अहवालासाठी वेळ मागायला तुमच्या हातात काहीतरी येतं.

आणि जे आधीच निसटलेत, दोन-तीन वर्षांपूर्वी एकदाच दिलं आणि मग गायब, त्यांना परत मागण्याचं पत्र पाठवू नका, राहिलेला हिशोब पाठवा. ‘तुम्ही तीन वर्षांपूर्वी लायब्ररीला दिले होते, त्याचं काय झालं हे आम्ही तुम्हाला कळवायला हवं होतं, कळवलं नाही. त्यातून बालवाङ्मयाचं एक कपाट झालं, फोटो सोबत आहे, खालच्या दोन फळ्या कायम रिकाम्या असतात कारण पुस्तकं घरी गेलेली असतात.’ बास, खाली बँकेचा नंबर नको, क्यूआर कोड नको. काहीजण उत्तर देतील, काही त्यातूनच परत पैसे पाठवतील, बरेच जण काहीच करणार नाहीत. त्यांना वर्षातून एकदा असंच कळवत राहा, आणि कोणी ‘नका पाठवू’ म्हणालं की त्याच दिवशी नाव काढा.